भोक पडलेलं मायफळ

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात काम करणाऱ्या मराठी माणसाच्या घरी बाळ जन्मलं की पंधरा दिवसांत गावाकडून आजी येतात. व्हिजिट व्हिसा, हातात पिशवी, पिशवीत डिंकाचे लाडू आणि त्याखाली रुमालात गुंडाळलेली गुटीची डबी. आमच्या वर्कशॉपमधल्या एका चिपळूणकर सहकाऱ्याच्या आई अशाच आल्या. मुलाने फोनवर चारचारदा बजावलं होतं, आई, खसखस आणू नकोस, इकडे बंदी आहे. त्यांनी खसखस तेवढी घरी ठेवली होती आणि बाकी सगळं आणलं होतं.

बारशाला गेलो तेव्हा डबी उघडीच होती. सहाणेशेजारी स्टीलच्या ताटलीत वेखंड, हळकुंड, हिरडा, मुरुडशेंग, सुंठ, जायफळ, खारीक, बदाम. कडेला एक गोल, करड्या रंगाचं, अंगावर बारीक बारीक उंचवटे असलेलं मायफळ. त्याला लागून वाकड्या शिंगासारखी पोकळ काकडशिंगी. आणि अगदी टोकाला तपकिरी, लाकडासारखा कठीण, बोटाएवढा तुकडा.

"हे काय हो काकू?"

"फणसोंबा. फणसाच्या झाडावर येतो. पोराचं तोंड आलं, लाळ फार गळायला लागली तर एक वळसा उगाळून लावायचा. आमच्या आगरातलाच आहे."

गुटीच्या बाजूने किंवा विरुद्ध मला इथे काही म्हणायचं नाही. हल्लीचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नका म्हणतात, आणि आज्या त्यांचं ऐकून घेतात. मला रस होता तो ताटलीत. मायफळाला फळ म्हणतात खरं, पण ते फळ नाही. काकडशिंगी ना शेंग ना शिंग. दोन्ही झाडांच्या गाठी आहेत आणि दोन्ही किड्यांनी करवून घेतलेल्या. फणसोंबा ही बुरशी. म्हणजे एका ताटलीत किड्याने झाडाकडून बांधून घेतलेली दोन घरं, आणि त्यांच्या शेजारी एक लाकडी अळंबी. या प्रकरणाचा विषय या दोघांच्या मधोमध बसतो: लाकडी अळंबीकडून घर बांधून घेणारी माशी.

आधी मायफळाकडे बघू, कारण ते प्रत्येकाच्या घरात सापडतं. तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराण या पट्ट्यात ओकची एक झुडपासारखी बुटकी जात वाढते. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली एक इवलीशी माशी तिच्या कोवळ्या डोळ्यात अंडं घालते. अंड्यातून अळी निघते आणि झाडाचा डोळा आपलं काम विसरतो. त्यातून फांदी निघायची, ती निघतच नाही. त्याऐवजी अळीभोवती गोळा वाढत जातो. आतला थर मऊ, पौष्टिक, अळीने खायचा. बाहेरचा थर कठीण आणि टॅनिनने गच्च भरलेला, इतका तुरट की दुसऱ्या कुणी त्याला तोंड लावू नये. चांगल्या मायफळात वजनाच्या निम्म्याहून जास्त टॅनिन असतं. हिराकस घालून याचीच काळी शाई होत असे आणि कातडी कमावायलाही हेच लागत असे. फारसीत याला 'माजू' म्हणतात, म्हणून आपल्याकडे माजूफळ आणि पुढे मायफळ. अरबीत 'अफ्स'. शारजाच्या जुन्या बाजारात अत्ताराच्या दुकानात ते पोत्यातून मिळतं. चिपळूणहून आणायची गरजच नव्हती, पण हे काकूंना सांगायचा धीर मला झाला नाही.

काकडशिंगी हिमालयाच्या बाजूची. पिस्त्याच्या गोतातल्या झाडावर मावा बसतो, आणि पानाचं पान राहत नाही, त्याचं पोकळ शिंग होतं. आत माव्याचं अख्खं कुटुंब नांदतं.

गाठ म्हणजे नेमकं काय, हे इथे सांगून टाकतो. किड्याने कुरतडलं, पोखरलं आणि तिथे सूज आली तर ती जखम झाली. गाठ त्याहून वेगळी असते. किड्याच्या येण्याने, त्याच्या लाळेने, त्याने सोडलेल्या रसायनांनी यजमानाची वाढच वेगळी वळण घेते आणि किड्याला हवी तशी, ठरावीक आकाराची खोली तयार होते. एका जातीच्या किड्याची गाठ नेहमी एकसारखी असते. म्हणून जाणकार माणूस किडा न बघता नुसत्या गाठीवरून त्याचं नाव सांगतो. आपल्याकडे हे शास्त्र रुजवणाऱ्यांत एम. एस. मणी यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. त्यांचं गाठींच्या परिसरविज्ञानावरचं पुस्तक १९६४ साली आलं आणि जगभर वापरलं गेलं.

गाठी मराठी मुलखाला नव्या नाहीत, फक्त आपण त्यांना एका नावाने ओळखत नाही. कोकणात आंब्याच्या पानावर पुळ्या दिसतात, तो एका चिलटाएवढ्या माशीचा उद्योग. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानाच्या बांधीत गादमाशी येते. तिची अळी रोपाच्या वाढत्या कोंभाशी जाऊन बसते आणि कोंभाचा कांद्याच्या पातीसारखा पोकळ, चंदेरी पोंगा होतो. त्या पोंग्याला लोंबी कधीच येत नाही. पूर्व विदर्भातल्या शेतकऱ्याला गाठीची व्याख्या सांगावी लागत नाही, त्याने ती धानाच्या पोत्यांत मोजलेली असते. आणि उंबर? उंबरे फोडून केंबरे काढणे ही म्हण आपण कुणाच्या उखाळ्यापाखाळ्या निघाल्या की वापरतो. पण ती केंबरं म्हणजे उंबराच्या आतल्या इवल्या फुलांच्या गाठींत वाढलेल्या माश्या. त्या नसत्या तर उंबरात बी धरलं नसतं.

आजवर नोंद झालेले, गाठी करणारे कीटक सुमारे १३ हजार जातींचे आहेत. जवळजवळ सगळे वनस्पतींवर. यात नवल काही नाही. वनस्पतीच्या डोळ्यात, कोंभात, पानाच्या कडेत सतत विभागणाऱ्या पेशी असतात. म्हणजे कच्चा माल तयार असतो, किड्याने त्याला फक्त वेगळी दिशा द्यायची. बुरशीकडे यातलं काहीच नसतं. तिला पान नाही, डोळा नाही, साल नाही. ती असते नुसते तंतू. एकेक तंतू आपल्या केसाच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याइतका बारीक, आणि वाढतो तो फक्त टोकाशी. अशा सुताच्या गुंड्यातून कुणी खोली कशी काढून घ्यावी?

युरोपात एक माशी ते करते. तिचं नाव अगाथोमिया वान्कोविची. नाव तोंडात बसायला वेळ लागतो, म्हणून पुढे मी तिला पिवळी माशीच म्हणेन, कारण ती असते पिवळसर नारिंगी. घरमाशीपेक्षा लहान, नाजूक. तिच्या कुळातल्या माश्यांच्या मागच्या पायांची पावलं चपटी, रुंद असतात, म्हणून त्या कुळाला चपट्या पावलांच्या माश्या म्हणतात. या कुळात जगभर अडीचशेहून जास्त जाती आहेत, आणि ज्यांच्या अळ्या माहीत झाल्या आहेत त्या सगळ्या बुरशीत वाढतात. मोठ्या माश्या पानांवर वेड लागल्यासारख्या नागमोडी पळताना दिसतात. थोडं धावायचं, थबकायचं, वळायचं, पुन्हा धावायचं. मावा पानांवर जो चिकट गोडवा टाकतो तो त्या चाटत असतात.

या कुळातल्या एका गटाची सवय सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या माश्या धुराकडे ओढल्या जातात. रानात कुणी शेकोटी पेटवली की कुठूनतरी नर येतात आणि धुराच्या लोटात थवा करून नाचतात. आग विझली की नाहीसे. बहुतेक कीटक धुरापासून पळत असताना यांना तिथे लग्न जमवायचं असतं. असो. आपली पिवळी माशी धुराच्या नादाला लागत नाही.

तिला लागते एकच बुरशी, गॅनोडर्मा अप्लानाटम. खोडातून फळीसारखी बाहेर आलेली, वरून तपकिरी, टणक, गोलाकार पट्टे असलेली, आणि खालून दुधासारखी पांढरी. ही लाकडी अळंबी पावसाळी छत्रीसारखी चार दिवसांची पाहुणी नसते. ती वर्षानुवर्षं जगते आणि दरवर्षी खालच्या बाजूला नळ्यांचा एक नवा थर चढवते. मधोमध कापली तर हे थर एकावर एक रचलेले दिसतात. खालचा पांढरा भाग नुसत्या डोळ्यांना गुळगुळीत वाटतो, पण भिंग लावलं की भोकंच भोकं. एका मिलिमीटरच्या लांबीत चार ते सहा. प्रत्येक भोक म्हणजे एका उभ्या नळीचं तोंड, आणि त्यातून खाली कोकोसारखे तपकिरी बीजाणू गळत राहतात. मोठी अळंबी दिवसाला सुमारे ३० अब्ज बीजाणू सोडते असा अंदाज नेहमी दिला जातो. झाडाखालच्या पानांवर, दगडांवर, खुद्द अळंबीच्या पाठीवर त्यांची तपकिरी धूळ बसलेली असते.

पांढऱ्या पृष्ठभागावर नखाने किंवा काडीने ओरखडा काढला की तो लगेच तपकिरी होतो आणि वाळल्यावर तसाच टिकतो. म्हणून युरोप-अमेरिकेत लोक यावर चित्रं काढतात, इंग्रजीत तिला चित्रकाराची अळंबी असंच म्हणतात. डायन फॉसी यांनी रवांडातल्या गोरिलांविषयी लिहिताना, ते या अळंबीसाठी आपसांत भांडतात असं नोंदवलं आहे. इतकी कडक, कोरडी वस्तू गोरिलाला का आवडावी, हे गोरिलालाच विचारायला हवं.

आणखी एक गोष्ट. या नळ्या ओळंब्याने आखल्यासारख्या उभ्या असतात. जरा कलल्या तरी बीजाणू भिंतीला चिकटून अडकतील. म्हणून झाड कोसळलं आणि अळंबी आडवी झाली, तर पुढचा थर ती नव्याने दिशा शोधून पुन्हा खालीच वळवते. आडव्या ओंडक्यावर अशा दोन दिशांच्या अळंब्या दिसतात. आधीची अर्धी भिंतीसारखी उभी, नंतरची अर्धी फळीसारखी आडवी. झाड कधी पडलं हेसुद्धा त्यावरून सांगता येतं.

तर पिवळी माशी या अळंबीच्या खालच्या बाजूला अंडी घालते. अळी बाहेर येते, आणि मग त्या सपाट, पांढऱ्या पृष्ठभागावर हळूहळू बोंडं उगवू लागतात. निमुळती, टोकाशी बोथट, खाली लोंबणारी, जास्तीत जास्त साधारण एक सेंटिमीटर लांब. कधी पाचसहा, कधी डझनांनी, कधी अख्खी अळंबी भरून. जर्मन माणसाने तिला जे नाव दिलं त्याचं मराठी करायचं तर सडांसारख्या गाठींची माशी, गाईचे सड असतात तसे. उपमा अगदी चपखल आहे. अळंबी खालून बघितली तर व्यालेल्या कुत्रीच्या पोटासारखी दिसते.

प्रत्येक बोंडात एक अळी. तिच्याभोवती तंतूंची भिंत, आणि त्या तंतूंवरच ती जगते. इथे झाडाच्या गाठीशी असलेला फरक ध्यानात येतो. झाडाने मायफळ बांधलं ते पेशी वाढवून, विटेवर वीट ठेवावी तसं. बुरशीने बोंड केलं ते तंतू लांबवून, त्यांना फाटे फोडून, एकमेकांत गुंतवून. सुगरणीचं घरटं आणि गवंड्याची भिंत यांत जेवढा फरक तेवढाच. पण दोन्हीकडे मालक आत बसून आहे आणि राबतोय दुसराच.

वाढ पुरी झाली की अळी बोंडाच्या टोकाला एक गोल भोक पाडते आणि सरळ खाली पडते. बोंडं खालीच तोंड करून लोंबत असल्यामुळे तिला चालावं लागत नाही, वाट शोधावी लागत नाही. ज्या दिशेने अळंबीचे बीजाणू जातात त्याच दिशेने तीही जाते. मातीत, पालापाचोळ्यात शिरून ती कोश करते आणि पुढे त्यातून पिवळी माशी बाहेर येते. रिकामी बोंडं टोकाला भोक घेऊन तशीच वाळून राहतात. पुढच्या वर्षी अळंबी नळ्यांचा नवा थर चढवते तेव्हा ती आत गाडली जातात.

हे सगळं युरोपातल्या बीचच्या जुन्या रानात चालतं. माशीचं वर्णन १८८४ साली श्नाब्ल यांनी केलं. म्हणजे शास्त्राला ती सव्वाशे-दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. पण ब्रिटनमध्ये ती विसाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागली आणि मग आग्नेय इंग्लंडात सर्रास सापडू लागली. चपट्या पावलांच्या युरोपीय माश्यांवरचा मोठा ग्रंथ पीटर चँडलर यांनी २००१ साली लिहिला. माशीचं अंग जेमतेम काही मिलिमीटर, ती उडते थोडे दिवस, दिसते क्वचित. पण गाठ वर्षभर लटकून असते, त्यामुळे या माशीचा नकाशा माशी पकडून नाही, अळंबी उलटून काढतात.

तिच्या सगळ्या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग मात्र वेगळाच आहे. गॅनोडर्मा अप्लानाटमची एक जुळी बहीण आहे, गॅनोडर्मा ऑस्ट्राले. रंग तोच, घडण तीच, तपकिरी धूळही तशीच. वरवर बघून दोघींत फरक करणं अनुभवी माणसालाही अवघड जातं. अप्लानाटमचे बीजाणू जरा लहान, साल जरा पातळ. नक्की करायचं तर सूक्ष्मदर्शक काढा, बीजाणू मोजा. पण अळंबीच्या पोटाला बोंडं दिसली की मोजमापाची गरजच उरत नाही. ती अप्लानाटमच. पिवळी माशी दुसरीवर गाठी करत नाही. सूक्ष्मदर्शक हाती घेतलेला माणूस जिथे चाचरतो, तिथे ही माशी चुकत नाही. आणि तिची ही परीक्षा पुस्तकांनीही मान्य केली आहे, युरोपातल्या बुरशीच्या मार्गदर्शिकांत ओळखीची खूण म्हणून या गाठींचा उल्लेख असतो.

आपल्या बाजूला ऑस्ट्राले आणि तिच्या गोतातल्या अळंब्यांचं राज्य आहे. उष्ण प्रदेशांतल्या कितीतरी नमुन्यांवर पूर्वी अप्लानाटम अशी चिठ्ठी लागली होती, नंतर त्यातल्या बऱ्याच दुसऱ्याच निघाल्या. अप्लानाटम ही मुळात थंड मुलखाची. महाराष्ट्रातल्या बुरशींची मोठी यादी १९८७ साली पुण्याच्या संस्थेतून निघाली, भिडे, पांडे, साठे, राव आणि पटवर्धन यांची. ज्या संस्थेतून ती आली तिची स्थापना १९४६ची, आणि आज तिला आघारकर संशोधन संस्था म्हणतात. तिथल्या बुरशीसंग्रहाला प्रा. अजरेकरांचं नाव आहे. अशा संग्रहांत कागदाच्या पाकिटांतून सह्याद्री पडून असतो. काकूंच्या फणसोंब्याकडे पुणे विद्यापीठातले जे. जी. वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गांभीर्याने पाहिलं. पश्चिम घाटात वैदू आणि आज्या जो वापरतात तो फणसोंबा म्हणजे फेलिनस नावाच्या गोतातल्या लाकडी अळंब्या, असं त्यांनी २००० साली प्रसिद्ध केलं. फेलिनस आणि गॅनोडर्मा शेजारी शेजारी वाढतात, दिसायला भाऊबंद वाटतात, पण घराणी वेगळी.

आता शारजा. इथे मी सोळा वर्षं आहे आणि झाडावर उगवलेली लाकडी अळंबी मी एकदाही पाहिलेली नाही. पाऊस वर्षाला साधारण चार इंच, तोही हिवाळ्यात दोनचार सरी. इंडस्ट्रियल एरियात झाड म्हणजे गेटजवळचा कडुनिंब, कंपाउंडला लावलेले कोनोकार्पस आणि कुठेतरी एखादा घाफ. घाफ म्हणजे आपली शमी, इथल्या देशाचं राष्ट्रीय झाड. दसऱ्याला आम्ही चारसहा जण जाऊन नुसता नमस्कार करून येतो, पान तोडत नाही. शहराच्या मधल्या रोला चौकाचं नाव वडावरून पडलं आहे. रोला म्हणजे वड. तो जुना, प्रचंड वड १९७८ साली पडला, आता तिथे त्याचं स्मारक आहे.

लाकूड मात्र इथे भरपूर, फक्त ते पॅलेटच्या रूपात आहे. आमच्या गल्लीत तीन गाळे नुसते पॅलेट दुरुस्तीचे. जर्मनीची, पोलंडची, चीनची, भारताची पॅलेटं दोन-दोन मजले उंच रचलेली. प्रत्येकावर एक शिक्का भाजलेला असतो, गव्हाच्या लोंबीचं चित्र, देशाचं नाव दोन अक्षरांत, आणि बहुतेक वेळा 'एचटी'. याचा अर्थ लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटं तापवलं आहे. २००२ साली ठरलेला हा आंतरराष्ट्रीय नियम यासाठीच आहे की एका देशाच्या लाकडातला किडा दुसऱ्या देशाच्या रानात उतरू नये. जर्मनीच्या बीचवर कधीकाळी पिवळी माशी नागमोडी धावली असेल, पण त्या बीचची फळी इथे येते ती भाजून, वाळवून, शिक्का मारून.

आणि इथे आल्यावर ते लाकूड कुजत नाही. ओलावा वजनाच्या वीस टक्क्यांच्या खाली गेला की लाकूड कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. शारजाच्या उन्हात उघड्यावर ठेवलेली फळी त्याच्या कितीतरी खाली असते. एकदाच मला वाटलं होतं की आता काहीतरी उगवेल. १६ एप्रिल २०२४ला पाऊस पडला तो. अल ऐनजवळच्या एका केंद्रावर चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर, या देशाच्या नोंदींतला विक्रम. आमच्या भागात किती दिवस पाणी साचून होतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. खालच्या रांगेतली पॅलेटं गुडघाभर पाण्यात बुडाली. पाणी उतरल्यावर फळ्यांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली, कुबट वास सुटला. मी रोज जेवणाच्या सुट्टीत जाऊन बघत असे. शेजारचा पठाण सुतार माझ्याकडे बघून मान हलवायचा. लाकडी अळंबीला महिने लागतात, आधी तंतूंना लाकडात खोल पसरावं लागतं. मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत फळ्या पुन्हा खडखडीत. सुताराने त्यांना नवे खिळे ठोकले आणि विकून टाकल्या.

वाळवंटाची स्वतःची अळंबी आहे, नाही असं नाही. पावसानंतर मोकळ्या वाळूतून पोडॅक्सिस वर येते, बंद छत्रीसारखी उभी, आपल्याकडे वारुळांवर येते तीच. पण ती जमिनीवरची. शारजात गॅनोडर्मा भेटते ती वेगळ्याच रूपात, कॉफीच्या पुडीत. शुक्रवारी लेबर कॅम्पाबाहेर कुणीतरी ओळखीचा माणूस गाठतो, 'भाऊ, ही ग्यानो कॉफी घेऊन बघा, साखर, बीपी, गुडघे सगळ्यावर', आणि पुढच्या वाक्यात तुम्हाला खाली दोन माणसं जोडायला सांगतो. मी दोन पुड्या घेतल्या होत्या. कॉफी बरी होती. बुरशीचा भाग सपाट तपकिरी पूड, तिच्यात ना नळ्या ना थर. गुडघे आहेत तसेच आहेत.

म्हणून काकूंच्या ताटलीतला तुकडा मला मोलाचा वाटला. परवानगी घेऊन तो मी खिडकीपाशी नेला आणि मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघितला. एका कडेला नळ्यांचे थर स्पष्ट दिसत होते. तीन मोजले, चौथा उगाळण्यात झिजला होता. खालच्या बाजूची भोकं इतकी बारीक की कॅमेराही नीट पकडेना. बोंडं अर्थातच नव्हती. माशी वेगळ्या मुलखाची, आणि अळंबीही तिची नव्हे.

मग मायफळ उचललं. त्याच्या एका बाजूला टाचणीच्या डोक्यापेक्षा मोठं, नितळ गोल भोक होतं, बारीक गिरमिटाने पाडल्यासारखं. काकू म्हणाल्या, ते ओवायचं भोक असेल, माळ करतात ना. मी सांगितलं की आतून माशी बाहेर पडली ती वाट आहे ही. बीचच्या रानात अळंबीखालच्या प्रत्येक बोंडाच्या टोकाला असंच भोक असतं. फरक इतकाच की तिथे अळी बाहेर पडते आणि मातीत जाऊन माशी होते. इथे ओकच्या गाठीत आतच माशी होऊन मग बाहेर पडते.

काकूंनी मायफळ हातात घेऊन डोळ्याजवळ नेलं, भोकातून आत बघितलं, मग डबीतून दुसरं काढलं. हे जास्त गडद, जड, निळसर काळं. फिरवून फिरवून पाहिलं. भोक नव्हतं.

"मग ह्याच्यात?"

ह्याच्यात माशी अजून आहे, वाळून मेलेली. ती बाहेर पडायच्या आधीच गाठ तोडली गेली. जुन्या व्यापाऱ्यांत अशाच भोक नसलेल्या, निळ्या मायफळाला जास्त भाव असे, कारण टॅनिन त्यात अधिक. मी म्हटलं, काकू, एकदा फोडून बघूया का?

त्यांनी दोन्ही मायफळं डबीत ठेवली आणि झाकण लावलं. पोराला अजून वर्षभर पुरवायची होती.